बोटाची सवय

माझ्या दादाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याच्यासारख्यांपायीच प्रवाळातले पट्टेरी मासे संपत आले, म्हणून आमच्यात विस्तव जात नाही. "समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" असं मला विचारतो, बाप एकच आहे हे विसरून. मी संवर्धन केंद्रात त्याच माशांची पिल्लं वाढवते, बोटाला खाद्य लावून एकेकाला भरवते आणि मोठी झाली की समुद्रात सोडते.

काल त्याच्या टाकीत तेच मासे दिसले आणि माझं डोकंच फिरलं.

"लाज कोळून प्यायलास का रे? कुठे टाकलंस जाळं?"

मान वर न करता तो गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाणी भरत राहिला.



"जाळं कशाला? पाण्यात नुसतं बोट धरलं, की धावत येतात. छान सवय लावलीयस."