हुकमी कौल

“आता उजवी पाडा, आप्पा,” दीपेश म्हणाला, आणि आप्पा गुरवांनी उजवी पाडली.

नाटे गावाच्या अलीकडच्या वाडीत, देवळाच्या सभामंडपात, सकाळपासून सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. दीपेश दिग्दर्शक. खऱ्या मूर्तीसमोर कॅमेरा लावायला वाडीनं साफ नकार दिला, म्हणून मुंबईहून फायबरची देवी आली होती. रंगवली सुरेख होती, पण आतून पोकळ. कौल लावायला माणूस मात्र खराच हवा होता, आणि आप्पांच्या चार पिढ्या तेच करत आलेल्या. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. घराच्या पायापासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत वाडीतलं सगळं ह्या दोन पाकळ्यांवर ठरत आलं होतं.

सिनेमा पोलिसी होता. किनाऱ्यावरच्या गावांतून एक माणूस एकामागून एक मुली पळवतो आणि एक इन्स्पेक्टर बाई त्याचा माग काढते. आजच्या प्रसंगात हरवलेल्या मुलीची आई देवीला विचारते, पोलिसात जाऊ का? उजवी पडते. आई धावत ठाण्यात जाते, आणि तक्रार वेळेत झाली म्हणून मुलगी जिवंत सापडते.

“पहिला दिवस महत्त्वाचा,” दीपेश जमलेल्या बायकांना समजावत होता. “तो हातचा गेला की मागाहून काही उपयोग नाही.”

पहिल्याच रांगेत सगुणा बसली होती. मासळीची पाटी आज तिनं उचललीच नव्हती. सिनेमात मुलगी सापडते असं कानावर आलं, म्हणून ती आली. अकरा वर्षांपूर्वी तिची मनस्वी, नववीतली, शाळेतून घरी आली नाही. नवरा तेव्हा होडीवर, समुद्रात. सगुणानंही ह्याच मंडपात देवीला हेच विचारलं होतं. डावी पडली. देवी नको म्हणते म्हटल्यावर ती थांबली. मधे थोरल्या तुळसाचा साखरपुडा झाला, लग्नही झालं. सव्विसाव्या दिवशी ती ठाण्यात गेली. हवालदार भला होता. त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं, “इतके दिवस कुठं होतात, बाई?”

पुढं दोन वर्षांत किनाऱ्यावरून आणखी दोन मुली गेल्या. बंद टेम्पो बघितला असं कोणी कोणी सांगत. तो माणूस काही सापडला नाही. सगुणानं देवीला कधी बोल लावला नाही. देवीला आपल्याहून जास्त कळतं, ह्या एका काडीच्या आधारावर तिनं अकरा वर्षं काढली. दुसरी काडी नव्हतीच.

पाकळी पहिल्यांदा नटीचं वाक्य संपायच्या आत पडली, दुसऱ्यांदा फार उशिरा. तिसऱ्यांदा आप्पांनी विचारलं, “वाक्य संपल्यावर किती थांबू?” दीपेश गमतीनं म्हणाला, दोन श्वास. दोन श्वासांनी पाकळी पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“कसं जमवता हो हे?” दीपेशनं विचारलं.

आप्पांना कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते उतरायचं विसरत. “काय नाय ओ. जी पाडायची ती कमी भिजवायची. सुकली की सुटते.”

सगुणानं ऐकलं. ही फायबरची देवी, तिनं मनाला समजावलं. खरीचं वेगळं.

“एक डावी पण घेऊन ठेवू,” दीपेश म्हणाला. “लागली तर लागली.”

आप्पांनी पाकळ्या बदलल्या. डावी सुटली, छातीवरून घरंगळली आणि पायाशी येऊन पडली. तश्शीच. अगदी तेवढ्याच वेळानं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा आप्पा देवळामागच्या नळावर हात धूत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आप्पा, माझ्या मनस्वीच्या टायमाला डावी तुमीच पाडलीत?”

हात स्वच्छ झाले होते, तरी आप्पा धूत राहिले. म्हाताऱ्याला खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षं तो न बोलता तेच करत होता. पण आज अख्ख्या वाडीदेखत चार वेळा पाकळी पाडून झाली होती, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

“होय.”

सगुणाच्या डोळ्यांपुढून वाडीतली सगळी बडी घरं सरकली. मानकरी, सरपंच, ट्रॉलरवाले. नाव कुणाचंही निघो, मासे कापायची कोयती घेऊन त्याच्या दारात जायचं, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. इतकी वर्षं तिला रागही धड कुणावर धरता आला नव्हता. आता धरता येणार होता, आणि त्याचं तिला जवळजवळ सुख वाटलं.

“कोणी सांगितलेलं तुमाला? नाव सांगा.”

आप्पांनी नळ बंद केला.

“तूच की, बाय,” ते म्हणाले. “कौलाच्या आदल्या सांजेला तू माझ्या दारात आलीस. म्हणालीस, आठ दिवसांवर तुळसाचा साखरपुडा हाय, घरात पोलीस आले तर जयगडची पावणी मागं फिरतील, तेवढं देवीच्या कानावर घाला. मी घातलं.”