वेगळ्या चुलीचं भांडण

“फायलीवाली आली गं!” शेजारच्या रंगूबाईनं कुंपणावरून आवाज टाकला. धोंडुबाई आणि तिची सून राणी एकाच ताटात जेवत होत्या. धोंडुबाईनं ताट पाटीखाली सरकवलं आणि म्हणाली, “ऊठ राणे. भांडाय लाग.”

वसाहतीतला हा जुना रिवाज. सरकारनं डोंगरातून उठवून सगळा धनगरवाडा इथं आष्ट्याच्या शिवारात आणला, तेव्हा वेगळ्या चुलीला वेगळा प्लॉट मिळणार होता. म्हणून घरोघर सुनेची चूल मांडली गेली. पेटली एकही नाही. प्लॉटचे कागद अजून यायचेच होते, आणि तोवर कुणी तपासायला आलं की चुली खऱ्या वाटाव्यात म्हणून सासू-सुनांची जुंपायची. फाईल घेऊन येणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं शहाणपण बायकांनी येताना सोबत आणलं होतं.

आलेली चंदना आष्ट्याचीच, बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतली. चप्पल बाहेर काढून ती आत आली, जमिनीवर बसली. धोंडुबाईनं तांब्या पुढं केला.

“नको मावशी. आज उपवास आहे माझा. पाणीसुद्धा घेत नाही.”

बिनपाण्याचा उपवास धोंडुबाईला खरा वाटला नाही. ही यादीतलं नाव कापायलाच आली, तिची खात्री पटली.

“बघा ताई, ही आमची सून,” तिनं सुरुवात केली. “एका छपराखाली ऱ्हाती, पर माजं तोंड बघत न्हाई. म्हनून तर चूल येगळी केली.”

“का बघू?” राणी म्हणाली. “माजं सरपन चोरत्यात. मीठ मागितलं तर न्हाई म्हंत्यात.”

सरपण झालं, मीठ झालं. धोंडुबाईनं ठरल्याप्रमाणं कपाळाला हात लावला. इथं राणीनं पाठ फिरवून बसायचं असायचं. ती बसली नाही. तिला भीती वाटत होती. पण सासूला चार शब्द तोंडावर बोलायची मुभा तिला परक्या माणसापुढंच होती, आणि अशी माणसं काही रोज येत नव्हती.

“ह्ये सोनं गाळाय गलाईच्या दुकानावर केरळात गेल्यापास्नं मला इचारून या घरात काय हुतंय का?” ती म्हणाली. “प्लॉट माज्या नावानं यायचा हाय. आनि अर्जुनाभावजींला बघाय पावनं आलं, त्येंला तुमी काय सांगितलंसा? ‘त्यो प्लॉट आमच्या अर्जुनाचा.’ मी चा घिऊन दारातच हुभी हुती.”

हे नेहमीच्या भांडणात नव्हतं. धोंडुबाई जरा चमकली. मग तिला सुनेचं कौतुक वाटलं. पोरगी रंगात आली होती.

“व्हय, सांगितलं!” तिनंही आवाज चढवला. “परक्या घरची तू. आज हायीस, उद्या म्हायेरची वाट धरशील. धाकट्या लेकाला माज्या बायकू कोन देनार, प्लॉट न्हाई म्हटल्यावर?”

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी आजवर दोघींपैकी कुणालाच जमलं नव्हतं. धोंडुबाई मनोमन खूश झाली.

चंदनानं सगळं ऐकून घेतलं. लिहिलं मात्र काहीच नाही.

“मी चूल तपासायला आले नाही, मावशी,” ती म्हणाली. “प्लॉटचा कागद आलाय. तो ज्या बाईच्या नावचा, तिच्याच हातात पडावा म्हणून चार महिने हापिसात हेलपाटे घातलेत आम्ही.”

धोंडुबाईचा हात आपसूक पुढं आला. चंदनानं कागद राणीपुढं ठेवला.

“सई करू नगंस,” धोंडुबाई कुजबुजली. “बारीक अक्षरात कायतरी लिवलेलं असतंय.”

राणीनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा वाचला. नाव तिचं होतं, नंबर तिच्याच प्लॉटचा होता. तिनं पोच म्हणून सही केली.

“यावर कुणी काही लिहून घ्यायला लागलं, तर आधी मला फोन करा,” जाता जाता चंदना म्हणाली. कुणी म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही.

ती वळणाआड जाईपर्यंत धोंडुबाई दारात उभी राहिली. मग तिला हसू आवरेना.

“लय भारी भांडलीस गं! मला तर खरंच वाटलं.” पदरानं तोंड पुसत तिनं हात पुढं केला. “आन त्यो कागद. टरंकेत ठिवते.”

राणी जागची हलली नाही. कागद तिनं दोन्ही हातांत धरला होता.

“देते की, आत्या. मी बोलले त्यातलं खोटं कुठलं हुतं, तेवढं सांगा. मग देते.”