चार ओहमच्या खाली

गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबली, कारण पुढे रस्ता उरला नव्हता. गढूळ पाणी कमरेपर्यंत चढलं होतं आणि त्याला चांगलीच ओढ होती. धरणाचे दरवाजे उघडले होते. नदीकाठची ही शेवटची गल्ली आता पाण्याखाली जाणार होती.

नगरपालिकेची दवंडीची गाडी ऐन वेळी बंद पडली, म्हणून फिटरच्या गाडीला बोलावणं आलं. तो गाड्यांना स्पीकर बसवायचा, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीच्या गोंगाटाने लोक वैतागले होते. आज तेच लोक तिच्यापुढे हात जोडत होते. टपावर दोन स्पीकर बांधले होते. एक त्याचा, चार ओहमचा. दुसरा नगरपालिकेचा, आठ ओहमचा. दोन्ही त्याने एकामागे एक जोडले होते. आवाज बेताचा, पण डिकीतलं आवाज वाढवणारं यंत्र, अ‍ॅम्प, थंड.

"मागच्या दाराने टेकडीवर जा!" नगरपालिकेचे मुकादम गाडीतून माइकवर ओरडत होते.

दोन-चार दारं उघडली. फिटरची नजर मात्र टोकाच्या घरावर खिळली होती. रात्रपाळी करून आलेली त्याची ताई तिथे मोबाइल बंद ठेवून झोपली असणार. याच गोंगाटापायी वर्षभर तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

तिची खिडकी उघडी दिसली, तसं त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात आतून एक हात आला आणि खिडकी धाडकन बंद झाली.

झोपेत तिला शब्द कुठले कळणार! तिला ऐकू आली ती भावाची गाडी.

"अरे, आवाज वाढव ना!" मुकादम खेकसले.

"मग दोन्ही स्पीकर थेट अ‍ॅम्पला जोडावे लागतील, मुकादम. तसे जोडले की ओहम उलट घटतात, एकूण तीनच्याही खाली येतात. ओहम जेवढे कमी, तेवढा अ‍ॅम्पवर ताण. हा चारच्या खाली तग नाही धरत. जळेल."

"जळू दे!"

तो डिकीत वाकला. त्याने वायरी बदलल्या. आवाज असा फुटला की गल्लीतली दारं पटापट उघडली. माणसं पोरांना काखोटीला मारून टेकडी चढू लागली. तेवढी एक खिडकी मिटलेलीच. तिची तावदानं थडथडताना त्याला दिसत होती. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

जळका वास आला. लाल दिवा लागला आणि सगळं बंद.

आता फक्त पाण्याचा आवाज. तो तसाच पाण्यात शिरला. मुकादमांनी मागून कॉलर धरली.

"वेड लागलंय का? वाहून जाशील!"

"ताई आहे हो माझी तिथे!"

आणि टोकाची खिडकी उघडली. रोज उघडायची तशीच, त्याची गाडी निघून गेली की.

"ताई!" तो घसा फोडून ओरडला. "पाणी आलंय! मागच्या दाराने पळ! आत्ताच्या आत्ता!"

ताईने वाकून खाली पाहिलं. पाणी जोत्याच्या पायऱ्या चढून तिच्या उंबऱ्याला लागलं होतं. मग तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"निघते," ती म्हणाली. "ओरडू नकोस एवढा. येतंय ऐकू."