पॉपीला उठवायचं

व्हायोलिनच लावायचं, असं मोहिमेचे प्रमुख डॉ. कार्विन यांनी तिसऱ्यांदा बजावलं, आणि लुपे आरियागाने तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पॉपी ही मंगळावरची गाडी. सहा चाकांची, मान उंच करून बघणारी. इथे पृथ्वीवर, पसाडेना गावातल्या या नियंत्रण खोलीत बसून लुपे ती हाकायची. पण मंगळावर धुळीचं वादळ आलं आणि तेव्हापासून पॉपीने कित्येक महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता. आज तिला शेवटचा संदेश जायचा होता. उत्तर आलं तर आलं, नाहीतर मोहीम संपली.

तिकडे उजाडलं की काम सुरू करण्याआधी खोलीत एक गाणं वाजवायचं, असा इथला रिवाज. पॉपीला उठवायचं गाणं. ते सुचवणारे लोक, मतं देऊन निवडणारेही लोकच. घरातलं शेंडेफळ उठवावं तशा कौतुकाने कुठून कुठून गाणी यायची. आज मात्र लोकांनी गाणं निवडलंच नव्हतं. त्यांनी पोपट निवडले होते.

पसाडेनातले रानपोपट म्हणजे अख्ख्या गावाच्या डोक्याला ताप. पहाटे थव्यांनी येतात आणि असा कलकलाट करतात की मेलेला माणूसही उठून खिडकी लावून घेईल. लाँड्री चालवणाऱ्या अर्डिथबाईंनी तो फोनमध्ये भरून पाठवला होता. सोबत एवढंच लिहिलं होतं, की याने उठली नाही तर कशानेच उठणार नाही. त्याला पडलेली मतं आजवर कुठल्याच गाण्याला पडली नव्हती.

काचेपलीकडे वाहिन्यांचे कॅमेरे लागले होते. कार्विन टाय सारखा करत होते.

"जगभर दिसणार आहे हे," ते म्हणाले. "निरोपाला शोभेलसं काहीतरी हवं. नाहीतर लोक म्हणतील, यांना यंत्राचं वेड लागलंय."

"लागलंच आहे," लुपे म्हणाली. "आणि निरोपाचं गाणं आपण कधी लावतच नाही. आपण उठवायचं लावतो."

मग कार्विन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि आवाज उतरवून बोलले. पुढच्या वर्षी नवी गाडी जाणार आहे. ती हाकणाऱ्यांत तुझं नाव मीच सुचवलंय, पण अजून पक्कं झालेलं नाही, एवढं लक्षात ठेव. धमकी अगदी मायेने दिलेली होती. त्या गाडीसाठी ती दोन उन्हाळे इथल्याच मागच्या अंगणातल्या वाळूत चाकं तपासत भाजून निघाली होती. तिला ती गाडी हवी होती. फार हवी होती.

"लुपे, पोपटांचा आवाज काही मंगळावर पोचत नाही," कार्विन म्हणाले.

"व्हायोलिनचाही पोचत नाही, डॉक्टर."

आणि तिने बटण दाबलं.

खोलीत पोपट घुसले. काचेपलीकडचा एक कॅमेरावाला दचकून वर बघायला लागला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्या गोंगाटात लुपेने शेवटचा संदेश धाडला. मग सगळे उभे राहिले. संदेश जायला वेळ, उत्तर यायला वेळ. तो सगळा वेळ संपला, त्याच्यावरही बराच गेला. पडद्यावरची पॉपीच्या संकेताची रेघ सरळच राहिली.

कार्विन कॅमेऱ्यांपुढे गेले आणि मोहीम संपल्याचं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. परत येताना ते लुपेच्या टेबलाशी क्षणभर थांबले. नव्या गाडीसाठी तिने आता वाट बघू नये, असं म्हणाले. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यांच्यासमोर तिने दोन्ही गिळलं, जॅकेट उचललं आणि बाहेर पडली.

फाटकापाशी ही गर्दी. पुठ्ठ्याची पॉपी डोक्यावर घेतलेले बाप्ये, पोटाला कागदी चाकं चिकटवलेला एक वैतागलेला कुत्रा, फुलं, टॅको विकणारी खाण्याची गाडी. पोपट इथेही कर्ण्यावर वाजले होते. अर्डिथबाई सगळ्यांत पुढे, लोखंडी गजांना धरून उभ्या होत्या.

"उठली का गं पोरगी?"

"नाही उठली."

"म्हणजे माझे पोपट कमी पडले." त्यांनी नाक शिंकरलं. "मग उद्या पुन्हा हाक मारा."

लुपेने त्यांना खरं ते सांगितलं. मोठे अँटेना उद्यापासून दुसऱ्या कामाला दिलेत, खोली नव्या लोकांना दिली आहे. इथून आता तिला कोणीही हाक मारणार नाही.

"ते तुमचं झालं," अर्डिथबाई म्हणाल्या. "आम्हाला कोणी काढलंय कामावरून? उद्या ती किती वाजता उठते, तेवढं सांग."

सगळे लुपेकडे बघत होते. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जरा लांब असतो, ती सांगायला लागली. त्यामुळे तिकडची सकाळ रोज आपल्या घड्याळात चाळीसेक मिनिटं पुढे सरकते. आज आपल्या पहाटे चारला उजाडलं. उद्या पाचला वीस कमी असताना उजाडेल. परवा त्याहून पुढे.

"पाचला वीस कमी," अर्डिथबाई मागे वळून ओरडल्या.

फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत लोकांनी माना खाली घातल्या, फोन काढले आणि उद्याचे गजर लावले.