पूजेआधीची बोट

“आजोबा, ठेवा ते बोचकं खाली. मी नाही जात!”

मान-बोक आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बोचकं काखेत मारून ते धक्क्याकडे चालत राहिले. मागून जोंग-रान, पोट सांभाळत आणि चरफडत. तिचे दिवस भरत आले होते. परवा वर्षाची पहिली पौर्णिमा, डोंगरावरच्या देवीआजीची पूजा. त्या वेळी बेटावर बाळंतपण झालं तर विटाळ. म्हणून तिने दोन आठवडे शहरात, परक्याच्या खोलीत, एकटीने काढायचे. नवरा खोल समुद्रात मासेमारीला गेलेला. सासू स्वतः सुईण, पण सुनेला हात लावायचं तिच्या नशिबी नाही! सकाळी गावच्या कर्ण्यावरून बेट सोडायला जोंग-रानचं नाव दोनदा पुकारलं. साऱ्या बेटाने ऐकलं आणि एकाच्याही तोंडातून ब्र निघाला नाही.

“नियम काय मी केलाय, पोरी?” आजोबा म्हणाले. “यंदा पुजारी म्हणून मलाच पुढे केलं. तीन दिवस बर्फासारख्या पाण्याने आंघोळ करतोय. दात अजून वाजतायत.”

“मग माझ्या बाळाने कुणाचं काय घोडं मारलंय?”

आजोबांनी बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं.

बोट अजून समोरच्या खडकाला वळसा घालत होती. आजोबा धक्क्यावर उभे राहून प्रार्थना घोकू लागले. पहिल्यांदाच म्हणायची होती, सारखी विसरत होते. ते पुटपुटणं ऐकून जोंग-रानच्या अंगाचा तिळपापड झाला.

“देवीआजी, जाळ्यात मासळी दे. होड्या सुखरूप आण. गल्लीत लेकराचा आवाज...”

आजोबा अडले. पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडले. अकरा वर्षं बेटावर पाळणा हलला नव्हता. तरणी माणसं कारखान्यांकडे गेली, शाळेला कुलूप लागलं.

बोट लागली. खलाशाने फळी टाकली. “चला लवकर, ओहोटी लागलीय!”

संतापाने जोंग-रानचे डोळे भरून आले. तिने बोचक्याला हात घातला. आजोबा सोडेनात.

“द्या ना! घालवायचंच आहे, तर निदान सुखाने जाऊ तरी द्या.”

“घरी चल,” आजोबा म्हणाले.

“आणि पूजा?” खलाशी ओरडला.

“पुढच्या पौर्णिमेला. जा बाबा तू. देवीआजीने दिलेलं दारातून परत पाठवायचं आणि डोंगरावर जाऊन पुन्हा तेच मागायचं, कुठल्या तोंडाने?”