रिकामं पारडं

“हा काटा खोटा आहे,” तपासनीस म्हणाले आणि डाव्या मनगटावरचा पट्टा त्यांनी पुतणीच्या नाकासमोर धरला.

“काका, तो काटा नाही. दिवसभरात किती कॅलरी जळतात ते सांगतो.”

“म्हणजे काटाच. आणि तोही नुसते ठोके मोजून अंदाज बांधणारा. अंदाजाने मी बटाटेसुद्धा घेत नाही.”

एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या कचेरीत काढलेला माणूस. दुकानदार काट्याच्या पोटात काय काय दडवतात ते पाठ असल्यामुळे कुठल्याच आकड्यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. पण डॉक्टरांनी दम भरला होता. रोज किती जाळता ते आधी कळू दे, मग किती खायचं ते ठरवू. म्हणून पुतणीने पट्टा आणून बांधला आणि दर रविवारी आकडे बघायला येऊ लागली. एरवी त्या घरात बोलायचं म्हटलं तर कुकरच्या शिट्टीशीच.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ती शाळेत शिकवायची. शाळा सुटली की कचेरीत फोन करून एवढंच सांगायची, “येताना काही आणू नका, वेळेवर या.” आता ते अगदी वेळेवर घरी येत, आणि कुलूप उघडून दिवा लावत. त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

दोन महिन्यांच्या आकड्यांचा पुतणीने तक्ता केला. दर पाव तासाची एक ओळ. दिवसाची बेरीज दोन हजारांच्या आसपास. बैठ्या माणसाचं तसंच असायचं. कचेरीत बसल्या जागी पाव तासाला एकोणीस. फक्त एका ओळीत, दुपारी चार ते सव्वाचार, एकोणतीस. कामाच्या प्रत्येक दिवशी.

“काका, या वेळी जिना चढता?”

“खुर्चीतून उठतसुद्धा नाही.”

“मग कोण येतं?”

काकांनी चष्मा पुसायला घेतला. “सव्वाचारला टपालाची गाडी असते. आवक-जावकच्या बाई पाकिटं न्यायला येतात. चार-दहाला.”

“आणि?”

“आणि काय? नेतात.”

“रविवारी घरी मात्र चार वाजतासुद्धा एकोणीसच,” पुतणी तक्त्यावर बोट ठेवत म्हणाली. “काका, काटा खोटा नाही हो. तुम्हीच चोर.”

तपासनीसांचे कान तापले. पन्नाशी उलटून गेलेली, आणि मनगटावरचा पट्टा चहाडी करतो म्हणजे काय! पण त्या दिवशी एकट्याने जेवताना त्यांना जेवण बरं लागलं.

सोमवारपासून ते बाईंकडे नीट बघू लागले. बाई त्यांच्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या. पाकीट हातावर तोलून वजन सांगायची त्यांना सवय होती.

“बेचाळीस ग्रॅम,” त्या म्हणाल्या.

तपासनीसांनी पाकीट टेबलावरच्या तराजूत ठेवलं. “त्रेचाळीस.”

“एक ग्रॅम तुमच्या शिक्क्याची शाई.”

तपासनीस मोठ्याने हसले. त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं. टेबलावर तराजू, शिक्के आणि एक जुना फोन, एवढाच संसार. फोनची लाइन कधीच काढलेली. न्यायला माणूस आला तेव्हा “राहू दे, कागद उडतात” म्हणून तपासनीसांनी तो ठेवून घेतला होता.

आठवडाभर ते वाक्य जुळवत राहिले. रविवारी बागेत फिरायला याल का, एवढंच विचारायचं होतं. नाही म्हणाल्या तर रोज चार-दहाला तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती. आणि हो म्हणाल्या तर उरलेली वर्षं कुलूप उघडून दिवा लावण्यात जाणार नव्हती.

गुरुवारी पाकिटं उचलताना बाई म्हणाल्या, “उद्या मी रजेवर. टपाल शिपाई दुपारी दोनलाच घेऊन जाईल.” दारापाशी जाऊन त्या वळल्या. “सोमवारी तुम्ही मला काहीतरी विचारणार आहात.”

“कशावरून?”

“अंदाज.”

शुक्रवारी तपासनीस नुसते तरंगत होते. दोनला शिपाई पाकिटं घेऊन गेला. पावणेचारला त्यांना एकदम हसू आलं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते पहिला धडा हाच द्यायचे: आधी रिकामं पारडं बघा, काटा शून्यावर आहे का, मगच वजन ठेवा. आणि काटा जिथे आहे तिथेच तपासा, घरी नेऊन नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र हा धडा राहूनच गेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आज तर आयतीच सोय होती. बाई नाहीत, टपाल नाही, खुर्ची तीच, वेळ तीच. शून्याची नोंद करायची आणि सोमवारी तक्ता बाईंपुढेच ठेवायचा. त्यांच्या अंदाजाला पुरावा.

त्यांनी कोरा कागद घेतला. पट्ट्यावर ठोके बघून पेन्सिलने लिहिलं: चार वाजता, बहात्तर.

चार-पाच, बहात्तर. तपासनीसांनी समाधानाने मान हलवली आणि पेन्सिल खाली ठेवली.

चार-आठ, त्र्याऐंशी.

दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. बाहेर कोणाची पावलं नव्हती.

चार-नऊ, एक्क्याण्णव. छातीतली धडधड आता पट्टा न बघताही कळत होती. मान दाराकडे वळत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं. ती दुसरीकडेच वळलेली होती.

चार-दहा, अठ्ठ्याण्णव.

आकडा लिहायला त्यांनी पेन्सिल शोधली, आणि तेव्हा त्यांना आपला उजवा हात दिसला. तो तीन वर्षं बंद असलेल्या फोनच्या रिसीव्हरवर जाऊन बसला होता, पहिल्या घंटीलाच उचलायच्या तयारीत.