रिकाम्या फ्लॅटमधला हुंकार

दीपेशदादाच्या इस्टेट एजन्सीची वेबसाइट कुणी उघडून बघत नव्हतं, म्हणून तिथे काम करणाऱ्या विनिताने तिच्यावर टेमघरच्या एका नव्या फ्लॅटचा व्हिडिओ टाकायचं ठरवलं. रिकाम्या खोल्यांतून फिरत तिने माहिती सांगितली, "हा हॉल, हे किचन." ऑफिसात येऊन व्हिडिओ ऐकला, तर तिच्या प्रत्येक वाक्यामागे कुणी म्हातारी समाधानाने "हं" म्हणत होती.

तिने पुन्हा शूट केलं. पुन्हा तेच. तोवर दादाने पहिला व्हिडिओ वेबसाइटवर टाकलाही होता.

"दादा, तिथं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं."

"त्या बिल्डिंगमध्ये अजून कुणी राहायलाच आलं न्हाय," दादा म्हणाला. "पण राहू दे. लोकं बघतायत."

खरंच फोन वाढले. "त्या आजी भेटतील ना?" असं लोक विचारू लागले आणि विनिताला चैन पडेना. शेवटी एका दुपारी ती एकटीच गेली आणि अवाक्षरही न बोलता सगळा फ्लॅट शूट करून आली.

ऑफिसात तिने व्हिडिओ लावला. हॉल दिसताच म्हातारीचा आवाज आला, "हा हॉल." मग, "हे किचन." विनिता तो बंद करायला गेली, पण बोट हलेना. पडद्यावर आतलं दार उघडलं.

"आणि ही तुझी खोली."

"हं," विनिता म्हणाली.